अक्काचं वेगळं ताट

माझी अक्का, म्हणजे थोरली बहीण, इथे बंगळुरात शाळेत गणित शिकवते. तिच्या पोटात कॅन्सर निघाला तेव्हा आमच्या नातेवाइकांनी आधी तिच्या खाण्याचा पंचनामा केला. काकू तर घरी येऊन तिच्या तोंडावर म्हणाली, "तिखट कमी कर, वेळेवर जेव, सांगून सांगून थकले मी. ऐकलं असतंस तर ही वेळ आली असती का?"

म्हणून गाठीच्या तपासणीचा रिपोर्ट आला तेव्हा मी डॉक्टरीणबाईंना मुद्दाम विचारलं, "हे हिच्या खाण्यामुळे झालं का?"

त्या म्हणाल्या, "गाठीत ईबीव्ही नावाचा विषाणू सापडलाय. तो लाळेतून पसरतो. बहुतेकांच्या अंगात लहानपणीच शिरतो आणि जन्मभर गप्प पडून राहतो. माझ्याही अंगात असेल, तुमच्याही. फार थोड्यांच्या बाबतीत तो कॅन्सरला हातभार लावतो. हिलाच का, ते आम्हालाही सांगता येत नाही. पण कॅन्सर एकाचा दुसऱ्याला लागत नाही."

परतताना अक्का ऑटोत रडली. "म्हणजे मी काही केलं नव्हतं रे," म्हणाली.

आता तरी तोंडं बंद होतील म्हणून मीच सगळ्यांना फोन करून हे सांगितलं. त्यांनी त्यातला एकच शब्द उचलला: व्हायरस.

ऑपरेशन झालं, जठराचा मोठा भाग काढला, केमो झाली. डोक्यावर केस येऊ लागले तेव्हा शहरातच हेब्बाळला चुलतभावाच्या मुलीचं बारसं होतं. अक्का हौसेने शिवाजीनगरच्या बाजारात जाऊन बाळासाठी वाळे घेऊन आली. पंगतीत सगळ्यांना स्टीलची ताटं, तिला एकटीला कागदी प्लेट आणि कागदी पेला. तो अपमान तिने गिळला. पण जेवणानंतर तिने बाळाला घ्यायला हात पुढे केले, तर काकूने बाळ मागे ओढलं.

"नको गं. तुझं ते व्हायरसचं. कोवळा जीव आहे." आणि बोलता बोलता तिने स्वतःच बाळाच्या ओठांचा मुका घेतला!

माझं डोकं फिरलं. "अगं, तो व्हायरस तुझ्याही तोंडात असेल! आत्ता तूच दिला असशील तिला!"

"अण्णा, आजच्या दिवशी तमाशा नको," चुलतभाऊ मला म्हणाला. तमाशा मी केला होता!

"सरी," कानडीत 'बरं' म्हणून अक्का उठली, "चल." वाळे तिने पाळण्यात ठेवले.

अक्का आता पुन्हा शिकवते. थोडं थोडं, पण दिवसातून बऱ्याचदा खाते. काकूशी ती फोनवर हसून बोलते. तेव्हा मी त्या खोलीत थांबत नाही.