बुधवारचा गोल

आमच्या ओळीत किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. ते प्लास्टिकच्या पिशव्यांसारखे साठतात. एक घडी करून गादीखाली सरकवली, मग दुसरी, आणि एक दिवस बघावं तर गादीच वर आलेली! आठवड्याच्या कागदाचे किस्से असेच साठलेत. नळावर बाया हसतात, मीपण हसते. नाही हसले तर विचारतील, काय झालं म्हणून.

आधी कागद कसला ते सांगते. सिल्वासात कंपन्यांच्या मागे भाड्याच्या खोल्यांची ओळ असते, वर पत्रा, एकीची फोडणी दुसरीच्या नाकात. त्यात आम्ही शहाद्याचे, शेजारी मंदाताई नंदुरबारच्या, पलीकडे कल्पनाभाभी वापीची. तिघींचे नवरे एकाच धाग्याच्या कंपनीत, एकाच शिफ्टला.

माझी परी साडेतीन वर्षांची. आत्तापर्यंत आम्ही दोघी गावीच होतो सासूबाईंजवळ, यंदा इकडे आलो. अंगणवाडीत वजन केलं तर कार्डावरचा ठिपका पिवळ्या पट्ट्यात पडला. ताई म्हणाल्या, "अजून खाली गेली की लाल. मग दवाखान्यात भरती करावं लागेल." मी म्हटलं, काय देऊ? म्हणाल्या, "डाळ, भाजी, अंडं. आणि आठवड्याचं आधी ठरवून स्वयंपाक करा. वेळ वाचतो, पैसा वाचतो. वाचलेल्या पैशात अंडी येतात!"

घरी येताच मी मंदाताई आणि भाभीला हे सांगितलं.

मी सातवी शिकलेली, म्हणून कागद लिहायचं काम माझ्याकडे. रविवारी तिघींनी मिळून आठवडा ठरवायचा, एकदम बाजार करायचा, वाटून घ्यायचा. आमच्या कागदावर मी परीसाठी चित्रंपण काढली. मुगाची टिंबं, दुधी लांबडा, अंडं गोल. सगळी ओढाताण करून आठवड्याला एकच गोल बसला, बुधवारी. परीला बोट धरून दाखवलं, "हे अंडं. हे तुझं."

तिनं तेव्हा अंडं खाल्लेलं नव्हतं. सासूबाई माळकरी, त्यांच्या घरात अंडं येत नाही.

*

पहिल्या रविवारी कागद घेऊन बाजारात गेलो. कागदावर गवार. बाजारात वांग्यांचे ढीग, अगदी फुकटात दिल्यासारखे, आणि गवार अशी महाग की हात लावायची भीती. भाभी म्हणाली, वांगी घेऊ. मी म्हटलं, नाही, ताईंनी सांगितलंय ठरल्याप्रमाणे करायचं! एकदा कागद मोडला की मोडतच जातो.

भाजीवाली आमच्याकडे बघतच राहिली. मी कागद वाचते, गवार बघते, परत कागद वाचते. शेवटी ती म्हणाली, "बेन, कागळ खावानो छे के शाक?" कागद खायचाय की भाजी!

सगळा बाजार हसला. मी गवारच घेतली. त्या बुधवारी अंडं आलं नाही.

*

मग भाभीनं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. त्यातली बाई सांगते, "संडेला फक्त तीन तास द्या, आठवडाभर मोकळ्या राहा!" भाज्या चिरून ठेवा, मटकीला मोड आणून ठेवा, वाटण करून ठेवा. तिच्या मागे दोन दारांचा फ्रीज होता. तो आम्हाला दिसलाच नाही.

आमच्या तिघींत फ्रीज एकच, मंदाताईंचा, हप्त्यावरचा. तीन घरांचा आठवडा चिरून, डब्यांत भरून त्यात ठेवला. भाजी, मोड, वाटण, सगळं! मला तर वाटलं, आता मी परीजवळ निवांत बसून तिला भरवीन.

सोमवारी सकाळी गावाहून फोन आला, मंदाताईंचे चुलतसासरे गेले. नवराबायकोनं खोलीला कुलूप घातलं आणि मिळेल त्या गाडीनं निघून गेले.

आम्ही दोघी कुलपासमोर. आत तीन घरांचं जेवण!

भाभी म्हणाली, फोन कर. मी केला. "ताई, कसं हो झालं?" मंदाताई रडायला लागल्या. "काय सांगू माय, भाकरीचा तुकडा हातात होता तसाच राहिला..." ते ऐकून मलापण रडू आलं. फोन ठेवला.

"चावी?" भाभीनं विचारलं.

"त्या रडत होत्या. कसं विचारणार?"

"तू भी तो रो रही थी! रोते रोते पूछ लेती!"

दहावं करून मंदाताई आल्या. त्यांनी फ्रीज उघडला आणि ओरडल्या ते आमच्यावरच, "कुणाची व ही मटकी? वास काढायला माझा दिवस जाईल!"

*

चौथ्या आठवड्यात शहाण्या झालो. काही साठवायचं नाही, फक्त तिघींकडे एकच भाजी करायची. एकदम घेतली की स्वस्त पडते. मंगळवारी दुधी.

आता कंपनीत पुरुषांची पद्धत अशी, की जेवणाच्या सुट्टीत तिघं गोल बसतात, डबे मधे ठेवतात आणि एकमेकांच्या डब्यातलं उचलतात. रोज तीन प्रकार मिळतात, तेवढीच मजा. हे आम्हाला तिघींनाही माहीत होतं. पण कागद करताना एकीच्याही डोक्यात आलं नाही.

भाभीच्या मिस्टरांनी डबा उघडला, दुधी. मंदाताईंच्या मालकांनी उघडला, दुधी. आमच्या ह्यांनी उघडला... बाजूच्या मशीनवरचा एक जण मोठ्यानं म्हणाला, "काय रे, तिघांत मिळून एकच बायको आहे का?"

त्या संध्याकाळी ह्यांनी डबा मोरीत आपटला तो आवाज दोन्ही शेजारी गेला असणार. "तुझा तो कागद माझ्या डब्यापर्यंत आणू नको! चार माणसांत उघडायचा असतो मला."

दुसऱ्या दिवशी बुधवार. फर्स्ट शिफ्ट. पहाटे डबा भरताना परी झोपलेली होती. घरात अंडं होतं. एक.

मी ते उकडलं, दोन भाग केले, वर तिखटमीठ टाकलं, डब्यात ठेवलं. म्हटलं, फक्त एवढ्या एका वेळेला.

परी उठली, भिंतीवरच्या कागदासमोर जाऊन उभी राहिली. "मम्मी, आज गोल आहे ना?"

"पुढच्या बुधवारी."

*

पुढच्या बुधवारी पण डब्यातच गेलं. डबा परत येताना ह्यांचा चेहरा चांगला असायचा. त्या चेहऱ्यासाठी घरात किती काय द्यावं लागतं ते बायांना माहीत आहे.

मग एकदा नळावर मंदाताई म्हणाल्या, "परीच्या मम्मी, तुमच्या हाताला चव आहे व! आमचे हे म्हणतात, बुधवारचं अर्धं अंडं माझंच."

मी हंडा खाली ठेवला. "आणि बाकीचं अर्धं?"

"ते भाभीच्या मिस्टरांचं! परीचे पप्पा हातच लावत नाहीत ना. म्हणतात, घ्या तुम्ही, माझ्या घरी पोरीसाठी असतातच."

माझ्या पोरीचं अंडं दोन दणकट बाप्ये खात होते, आणि नवरा मोठेपणा वाटत होता!

घरी आल्यावर बोलायचं ठरवलं होतं. पण काय बोलू? घरी अंडी नाहीत, हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर म्हणाले असते, मग तो कागद कशाला चिकटवलाय?

पुढच्या बुधवारी मी मन घट्ट करून डब्यात नुसती मुगाची उसळ दिली. अंडं परीसाठी झाकून ठेवलं. ती उठायच्या आधी मंदाताई दारात. "आज अंडं विसरल्या वाटतं, परीच्या मम्मी? आमच्या ह्यांनी निघताना डबा उघडून बघितला, मला मुद्दाम आठवण करून द्यायला सांगितलं. भाभीचे मिस्टर अजून निघाले नाहीत, त्यांच्याजवळ देते!"

आणि मी दिलं. दारात उभ्या माणसाला नाही कसं म्हणायचं ते सातवीपर्यंत कुणी शिकवलं नाही.

*

त्यातच सासूबाई आल्या. त्यांना वाचता येत नाही, पण चित्रं कळतात. कागदासमोर उभ्या राहून सगळं बघितलं. टिंबं म्हणजे मूग, लांबडा म्हणजे दुधी. "आणि बुधवारी हे गोल काय?"

गळ्यात माळ. मी काय सांगणार?

"लाडू," मी म्हटलं.

"लाडू? कुणासाठी?"

"परीसाठी."

"हां. एवढं तरी अक्कलेचं केलं."

बुधवारी सकाळपासून आई, म्हणजे सासूबाईच, ओट्याजवळ बसून. "कागदावर आहे ना? मग कर की! का नुसतं भिंतीला दाखवायला लिहिलंय?"

केले मग. घरातला रवा, साखर आणि डब्याच्या तळाचं तूप, सगळं त्यात गेलं. आईंनी पिशवीतून गावाकडचे बेदाणे काढले आणि प्रत्येक लाडवावर एकेक स्वतः दाबून बसवला.

परीनं लाडू हातात घेतला. एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा कागदाकडे. मग माझ्या कानाला तोंड लावून विचारलं, "मम्मी, हे अंडं?"

आई समोरच बसलेल्या.

मी मान हलवली. "हो. खा गुपचूप."

जाताना आई राहिलेले लाडू नणंदेच्या पोरांसाठी बांधून घेऊन गेल्या. निघताना मला म्हणाल्या, "परीला गोड जास्त देऊ नको हां. दात किडतात."

*

मागच्या आठवड्यात अंगणवाडीत आयांची मीटिंग होती. ताईंनी सांगितलं होतं, तुमचा कागद घेऊन या, मोठ्या मॅडम येणार आहेत. मी भिंतीवरून अलगद काढला, तेलाचे डाग होते तिथे पीठ चोळलं.

आधी वजन झालं. ताईंनी काटा बघितला, कार्ड बघितलं, परत काटा बघितला. "अजून पिवळ्यातच आहे हो. उलट जरा खाली. अंडं देताय ना?"

"देते ना," मी म्हटलं. "सगळं कागदाप्रमाणे."

मॅडमनी कागद सगळ्या बायांना वर धरून दाखवला. "बघा! कमी शिकलेली बाई आहे, पण किती सुंदर नियोजन! चित्रंसुद्धा काढलीत!" मोबाईलमध्ये फोटो काढला. मंदाताई आणि भाभी मागे बसल्या होत्या, त्यांनीपण टाळ्या वाजवल्या.

मग मॅडमनी परीला जवळ बोलावलं. "बेटा, सोमवारी काय?" परीनं बोट ठेवलं, "मूग." "मंगळवारी?" "दुधी." "आणि बुधवारी?"

"अंडं!"

"अरे वा! अंडं आवडतं तुला?"

"हो!"

"कसं लागतं गं अंडं?"

परीनं माझ्याकडे बघितलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली,

"गोड! आणि वर बेदाणा असतो."