निळ्या माशांचं घराणं

भोर संस्थान विलीन झालं, पण आमच्या दादांच्या डोक्यातला घराण्याचा अभिमान काही विलीन झाला नाही. तो फक्त माशांवर जाऊन बसला. दादा म्हणजे माझे वडील. शाळेत चित्रकला शिकवायचे. मुंबईच्या एका मित्राने त्यांना फायटर माशांची जोडी दिली होती. गडद निळी, आणि नराचे पर पैठणीच्या पदरासारखे. दोन नर एका पाण्यात ठेवले की एकमेकांना फाडून काढत, म्हणून प्रत्येकाला वेगळी बरणी. वाण्याकडून गोळ्या-बिस्किटांच्या रिकाम्या बरण्या मागून आणायच्या आणि माशांना गारठा सोसत नाही म्हणून चुलीमागच्या फळीवर मांडायच्या. आईची लोणची पडवीत गेली. "माशांना ऊब, लोणच्याला वारा," एवढंच ती म्हणायची, पण दिवसातून चार वेळा.

माझ्याकडे काम होतं डासांच्या अळ्यांचं. डबक्यांतून, हौदांतून फडक्याने गाळून त्या आणायच्या. लग्नाच्या वयाची मुलगी डबक्यावर वाकून काय करते, असं बायका विचारत. मी सांगायची, "जेवण काढतेय."

लग्न तसं ठरल्यातच जमा होतं. आत्याने माझ्या बारशालाच मला सून म्हणून मागून ठेवलं होतं. आमच्याकडे मामाच्या मुलीवर पहिला हक्क आत्याच्या मुलाचा. आई दादांच्या मामाची मुलगी, आजी आजोबांच्या मामाची. माझा आतेभाऊ वेल्ह्याच्या कचेरीत कारकून होता. कारकून असून हसायचा, हे मला विशेष वाटायचं. मला तो फार आवडायचा. पण ठरलेल्या गोष्टीबद्दल बोलायचं कशाला, म्हणून मी ते कुणापाशीच बोलले नव्हते.

माशांच्या बाबतीत दादांचा नियम एकच. सगळ्यांत निळा नर निवडायचा आणि त्याला त्याचीच सगळ्यांत निळी बहीण द्यायची. बाहेरचा रंग घराण्यात शिरता कामा नये. ड्रॉइंगच्या कागदावर त्यांनी माशांची वंशावळ काढून भिंतीला लावली होती, तीही निळ्या शाईने.

पाचव्या पिढीला घराणं ढेपाळलं. अंडी पांढरी पडून कुजायची. जी पिल्लं निघत त्यांच्या पाठीला बाक. काहींना हवा घ्यायला वर यायलाच जमेना, बरणीच्या तळाशी फडफडून मरायची. दादांनी आधी पाण्याला दोष दिला, मग आईच्या फोडणीच्या धुराला, मग माझ्या अळ्यांना.

त्या दिवसांत डोंगरातल्या धनगरवाड्यावरून एक मावशी तूप घालायला यायच्या. एकदा आईने तूप मोजून घेईपर्यंत त्या फळीपाशी वाकून बघत राहिल्या.

"मास्तर, ही समदी येकाच घरची हायती का वो?"

"शुद्ध एका घराण्यातली!" दादा छाती फुगवून म्हणाले.

"मग आसंच व्हनार. आमी येडका दोन सालाच्या वर कळपात ठिवत न्हाई. त्याच्या लेकी मोठ्या झाल्या की त्याला दुसऱ्या वाडीवर धाडायचा, तितला हितं आनायचा. न्हाईतर कोकरं किडकी निपजत्यात."

"मावशी, मेंढरं वेगळी, मासे वेगळे."

"आसंल. पर पाठ वाकडी झालीच न्हवं?"

दादा दोन दिवस बरण्यांचं पाणीच बदलत राहिले. मी मात्र हटून बसले. नवा नर आणा, नाहीतर अळ्या तुम्ही गाळा, असं मी त्यांना साफ सांगितलं. आठ दिवसांनी त्यांनी मुंबईला पत्र टाकलं. मित्राने नर पुण्याला पोचता केला, आणि तिथून तो आणला माझ्या आतेभावाने. एसटीत मांडीवर बरणी घेऊन बसला होता. कापूरहोळला गाडीने असं वळण घेतलं की निम्मं पाणी त्याच्या विजारीवर. तसाच ओला दारात उभा राहून म्हणाला, "मामा, जावई आणलाय." मी स्वयंपाकघरात पळाले.

नवा नर विटकरी रंगाचा होता. दादांनी त्याच्याकडे नाक मुरडून पाहिलं, तरी सगळ्यांत निळी मादी त्याला दिली. दोन-अडीच महिन्यांत चार बरण्यांत पिल्लं नाचू लागली. रंग गढूळ, पण पाठी सरळ आणि भूक अशी की माझं फडकं पुरेना. मी जिंकले होते. आठवडाभर मी दादांना छळछळ छळलं. तेही हसले.

मग ते हसेनासे झाले. एका संध्याकाळी पाहिलं तर त्यांनी वंशावळीचा कागद उलटा करून मागच्या बाजूला दुसरी वंशावळ मांडली होती. आजी-आजोबा, आई, ते स्वतः, मी. माझ्या आधी दोन छोटी रिकामी वर्तुळं. माझी दोन भावंडं पाळण्यातच गेली, एवढं मला आईकडून माहीत होतं. दादा त्यांच्याबद्दल कधी बोलले नव्हते.

"धनगरांना कळतं ते मला कळू नये?" ते म्हणाले. "तुझ्या आत्याला लिहिलंय. ही सोयरीक नको."

मी म्हणाले, "मासे वेगळे, माणसं वेगळी."

पत्र त्यांच्या हातात होतं, पाकीट उघडंच. त्यांनी चष्मा काढला आणि जन्मात पहिल्यांदा मला असं काही विचारलं.

"तुला तो आवडतो का गं? तसं असेल तर फाडतो हे."

आई दारात उभी होती. मुलीने बापाला अशा प्रश्नाचं काय उत्तर द्यायचं असतं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

"छे," मी म्हणाले, "काहीतरीच काय."

दादांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी पाकिटाला डिंक लावला, ते चांगलं दाबून बंद केलं आणि टपालाच्या पेटीत टाकायला माझ्याच हातात दिलं. मी जाऊन टाकून आले.