काकांचा डावा हात

"यांची बायको गेलीय नुकतीच. यांना आज दणदणीत जिंकवू."

काका माझ्या कानाशी पुटपुटले तेव्हा त्यांच्या तोंडातला चिवडा माझ्या ओढणीवर उडाला. समोर एक निवृत्त बँकवाले आजोबा कंप्युटरच्या काळ्या पडद्याकडे बघत बसले होते. बॅकगॅमन शिकण्याचा त्यांचा पहिला दिवस होता आणि काकांची मदतनीस म्हणून माझाही पहिलाच. मी ओढणी झटकली. जिंकवू म्हणजे काय, हे विचारायला तोंड उघडलं आणि सवयीप्रमाणे मिटलं.

मग माझं लक्ष खाली गेलं. काकांच्या मांडीवर नॅपकिन पसरलेला होता आणि नॅपकिनखाली नुसत्या आकड्यांचा एक छोटा कीबोर्ड. काकांचा उजवा हात चिवड्याच्या डब्यात, डावा नॅपकिनखाली. आजोबांनी स्पेसबार दाबला. नॅपकिन दोनदा हलला. पडद्यावर उमटलं, 'फासे: ५ आणि ५'.

"अरे वा! जोडी आली!" आजोबा खुर्चीतल्या खुर्चीत उडाले.

"नशीबवान आहात," काका म्हणाले आणि त्यांनी दातात अडकलेला शेंगदाणा जिभेने सोडवला. त्याचा आवाज मला आजही ऐकू येतो.

इंदिरानगरला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये काकांचा हा क्लास चालायचा. सगळी सोसायटी त्यांना काकाच म्हणायची. तरुणपणी ते मस्कतला इलेक्ट्रिशियन होते. तिथल्या चहाच्या दुकानांत लोक संध्याकाळभर हा खेळ खेळतात, तिथे ते शिकले. आपल्या सारीपाटाची लांबची बहीण म्हणा. दोन फासे, चोवीस घरं, सोंगट्या फिरवून आधी बाहेर काढेल तो जिंकला. एकटी सोंगटी मारली जाते, दोघी एकत्र असल्या तर त्यांना कोणी हात लावू शकत नाही.

शिकवायचे मात्र कंप्युटरवर, आणि तेही नुसत्या अक्षरांत. काळ्या पडद्यावर पांढरे आकडे, सोंगट्यांच्या जागी फुल्या आणि शून्यं. कुठून कुठे जायचं ते टाइप करायचं. चूक झाली की कंप्युटर रोमन अक्षरांतल्या मराठीत सांगायचा, 'असं करू नका, सोंगटी एकटी पडेल'. ही वाक्यं काकांनीच त्यात भरली होती. मी इंग्रजी शाळेतली, मला ती देवनागरीपेक्षा भरभर वाचता यायची. रंगीत पट का नाही, असं कोणी विचारलं की काकांचं उत्तर ठरलेलं, "चित्रं बघायची तर घरी मोबाइल आहे. इथं डोकं वापरा."

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. सगळे त्याला देवमाणूस म्हणतात आणि तुम्हाला त्याच्या शेजारी बसवत नाही. काका स्कूटरच्या किल्लीने कान कोरायचे आणि किल्ली पँटला पुसायचे. चिवड्याच्या हाताने आमच्या कीबोर्डवर बोट ठेवून "हे बटण" म्हणायचे. बटणांच्या फटीत पोह्यांचा चुरा अडकलेला असायचा. घरी गेल्यावर मी दोनदा हात धुवायचे. पण किळस नुसती त्याची असती तर मी हे लिहायला बसलेच नसते.

त्या प्रोग्राममध्ये सुरुवातीलाच एक प्रश्न यायचा, फासे कंप्युटरने टाकायचे की माणसाने? कोणाला टेबलावर खरे फासे टाकून आकडे भरायचे असतील तर त्यांच्यासाठी ती सोय होती. काका 'माणसाने' निवडायचे आणि माणूस म्हणजे ते स्वतः. शिकणाऱ्याला वाटायचं, आपण बटण दाबलं आणि आपलं दान पडलं. प्रत्यक्षात काका त्याला पाच-पाच, सहा-सहा वाढायचे आणि कंप्युटरच्या पानात एक-दोन टाकायचे.

बँकवाले आजोबा त्या दिवशी जिंकले. जाताना त्यांनी हॉलच्या दारात वळून पडद्याकडे असं पाहिलं, जसं कोणी स्टेशनवर सोडायला आलेल्या माणसाकडे पाहतं. ते गेल्यावर काकांनी डोळे पुसले. खोटं नाही, खरंच पुसले. चिवड्याचं तिखट लागून आणखी पाणी आलं.

"घरी आनंदात गेलं पाहिजे माणूस," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी हरला की परत येत नाही. घरात एकटा बसतो. मग काय उपयोग?"

मी बराच वेळ कीबोर्डमधला चुरा टाचणीने काढत राहिले. मग विचारलं, "काका, माझ्या पहिल्या दिवशी?"

"तुला?" ते हसले. "तुला तर दोनदा सहा-सहा दिले. रडवेली दिसत होतीस अगदी."

माझा तो दिवस सांगायला हवा. मी घरूनच एका पुण्याच्या कंपनीचं काम करते. दिवसचे दिवस कोणाशी बोलायची वेळ येत नाही आणि मला त्याचं काही वाटत नाही. आईला वाटतं. तिनेच मला क्लासला ढकललं. शाळेत मला कधी कसलं बक्षीस मिळालं असेल तर ते चांगल्या वर्तनाचं, म्हणजे तोंड न उघडण्याचं. आणि इथे मी पहिल्या दिवशी कंप्युटरला हरवलं! घरी जिना चढताना मी पळत होते. आईने घोटीला मावशीला फोन लावला, "अगं, आपली पोरगी लय हुशार निघाली. पहिल्याच दिवशी कंप्युटरला हरवून आली." त्या आठवड्यात मी ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये पहिल्यांदा न विचारता बोलले होते.

ते सगळं काकांनी डाव्या हाताने टाइप केलं होतं.

मी क्लास सोडला नाही. पुढे काही महिने दर शनिवारी काकांच्या शेजारी बसून मी ते ऐकत राहिले. "या बाईंची सून छळते, यांना जरा रंगवून जिंकवू." "हा गडी माजलाय, याला एकदा हरवून मग जिंकवू." येईल त्या माणसाकडे ते नाडी बघितल्यासारखं बघायचे आणि विजयाचा डोस ठरवायचे. लोक त्यांच्या पाया पडायचे. एका आजींनी त्यांना स्वेटर विणून दिला, तो ते ऐन मे महिन्यातही घालायचे आणि त्याला येणारा घामट वास सगळ्या हॉलभर पसरायचा. मला कळत नव्हतं की मला नेमकी कशाची मळमळ होतेय. इतकं प्रेम आणि इतकी तुच्छता एकाच माणसात एकत्र नांदू शकते, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. समोरचा माणूस हरणं सोसेल, असं त्यांना एकदाही वाटलं नाही. कोणाहीबद्दल नाही.

शिकवायचे मात्र जीव ओतून, हेही सांगते. एका काकूंचा हात थरथरायचा, एका बटणाऐवजी तीन दाबली जायची. काका तासभर "पुन्हा. घाई नाही. पुन्हा," म्हणत राहिले. त्या दिवशी त्यांनी चिवड्याचा डबाही उघडला नव्हता.

आता काका मुलाकडे बडोद्याला असतात. हॉलमधले कंप्युटर भंगारात गेले आणि तिथे झुंबाचा क्लास भरतो. मधूनमधून कोणी भेटतं आणि म्हणतं, "काय माणूस होता!" मी हो म्हणते.

त्यांच्या इथल्या शेवटच्या महिन्यांतली एक गोष्ट सांगायची राहिली. एका शनिवारी आई म्हणाली, "मीपण येते आज."

मी घाईघाईने म्हणाले, "तुला कशाला? किचकट असतं ते."

"म्हणून तर. नववीत शाळा सुटली माझी. तुझे बाबा म्हणायचे, तुला हिशोबातलं कळत नाय. तुझे मामापण तेच म्हणायचे. मला बघायचंय एकदा, डोकं चालतं का माझं. नाय चाललं तर नाय चाललं. कळंल तरी."

इस्त्रीची साडी नेसून, चष्मा पुसून ती पडद्यासमोर बसली. मी तिच्या एका बाजूला, काका दुसऱ्या. "काय मॅडम," ती मला म्हणाली, "ही शून्यं माझी की फुल्या माझ्या?"

"तुझी शून्यं."

तिने पहिलं दान लावायला इतका वेळ घेतला की मागे बसलेले दोघेजण चहाला गेले. ओठ हलवत ती घरं मोजत होती. "ही इथं एकटी राहील. नको. हिला हिच्या सोबत बसवते." तिने एका बोटाने आकडे टाइप केले. कंप्युटर काही बोलला नाही, म्हणजे चाल बरोबर होती. आईने माझ्याकडे पाहिलं. तिचा असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. ती हसत नव्हती, नुसती सरळ झाली होती.

काका माझ्याकडे झुकले. तोच स्वेटरचा वास आला. "तुझी आई म्हणजे घरचंच माणूस. राजेशाही जिंकवू."

आईने स्पेसबार दाबला. नॅपकिन हलला. सहा आणि सहा.

"बघ!" आई ओरडली. "माझ्या हाताला यश हाय बघ!" आणि तिने आपला तळवा डोळ्यांसमोर धरला, उलटसुलट करून पाहिला.

काका प्रेमाने हसत होते. त्यांच्या मिशीत शेवेचा एक तुकडा होता. आईने पुन्हा बटण दाबायला बोट उचललं. नॅपकिनखाली डावा हात सरसावला. चहाला गेलेले दोघे परत येऊन दारात उभे होते. मी हात पुढे केला आणि तो नॅपकिन, त्यावरच्या चुऱ्यासकट, उचलून टेबलावर ठेवला.

"काका, हात वर घ्या," मी म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "आईला हरता येतं."