मागच्या दाराची कडी

गंगम्मा उमरग्यात दही-तूप विकायची. नवरा लवकर गेला, कानडी मुलखातल्या माहेरी कुणी उरलं नव्हतं. उभा जन्म दुसऱ्याच्या ओसरीवर काढलेल्या या बाईनं निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शननंतरच्या हिवाळ्यात बब्रुवान आणि अयोध्या या नवराबायकोचं घर विकत घेतलं. खरेदीखत झालं, पंचांसमोर पानसुपारी झाली. ती दोघं वाशी गावाला बब्रुवानच्या भावाच्या शेतावर जायची होती.

पण जाईनात. आधी बब्रुवान म्हणाला, "संक्रांत होऊ द्या." मग म्हणाला, "मंडळीला बरं न्हाय." पुढं पुढं तर तो गंगम्माला बघितलं की मान खाली घालून उभा राही.

दुकानदार महांतप्पानं सल्ला दिला, "अर्ज द्या. शिपाई येऊन भांडी भायेर काढंल."

रझाकारांच्या दंगलीत लोकांची भांडी रस्त्यावर पडलेली गंगम्मानं बघितली होती. ते तिच्यानं होईना. तिनं आपली ट्रंक उचलली, म्हैस सोडून बरोबर घेतली आणि सरळ त्या घरात आली.

"मला भायेरची खोली द्या," ती म्हणाली. "तुमी जाल तवा जा."

अशी तिघं एका छपराखाली राहू लागली. जेवायच्या वेळी अयोध्या एक ताट जास्तीचं वाढून मागच्या दारापाशी झाकून ठेवी. त्या दाराला कडी लावलेली तिला चालत नसे. वारा सुटला की दार आपोआप किलकिलं होई, आणि अयोध्या हातातलं काम टाकून तिकडं बघत राही.

गंगम्मानं विचारलं तेव्हा ती सांगू लागली. कोंडीराम तिचा एकुलता एक. निजामाविरुद्ध लढायला सरहद्दीवरच्या कॅम्पात गेला. जाताना म्हणाला होता, मी मागल्या दारानं येईन, कडी लावू नको. त्याच्याबरोबरचे सगळे परतले. तो कुठं पडला, पडला का न्हाय, कुणालाच सांगता येईना.

"त्याला ह्योच उंबरा ठाव हाय," अयोध्या म्हणाली. "रोज दार वाजतंय, गंगम्मा. ह्यांना ऐकू येत न्हाय. म्हनत्यात, तुझं डोस्कं फिरलंय."

गंगम्मानं एकदा मागच्या दाराकडं बघितलं आणि ती म्हशीला पाणी पाजायला गेली.

होळीच्या सुमाराची एक दुपार. वारा पडलेला. बब्रुवान रानात गेलेला, अयोध्या आत डोळा लागून पडलेली. गंगम्मा ताक घुसळत होती आणि मागचं दार वाजलं. हळूच, बोटांच्या पेरांनी वाजवावं तसं. तिनं रवी थांबवली. पुन्हा वाजलं. ती उठून गेली, दार उघडलं. परसात कुणी नव्हतं. दावणीची म्हैस मात्र कान टवकारून दारासमोरच्या मोकळ्या जागेकडं एकटक बघत होती. गंगम्माच्या अंगावर सरसरून काटा आला. तोंडातून तिची लहानपणची भाषाच आली, "बा, ओळगं बा." ये बाबा, आत ये.

मागं वळली तर अयोध्या उभी.

"तुमाला बी ऐकू आलं?"

"व्हय," गंगम्मा म्हणाली.

अयोध्या तिच्या गळ्यात पडून रडली. इतके महिने कुणी तिला रडताना पाहिलं नव्हतं. आठवड्याच्या आत तिनं गाडी जुंपायला लावली. बब्रुवानला कळेना, ही आता कशी तयार झाली. गाडीत बसताना तिनं एवढंच विचारलं, "दार उघडाल न्हवं?"

"उघडीन."

गंगम्मानं शब्द पाळला. दार कधी पावसाळी सांजेला वाजे, कधी भर उन्हात. तिची भीती काही गेली नाही. तरी दर वेळी ती उठे.

काही वर्षांनी बब्रुवान वारल्याचं कळलं. भावाच्या घरी अयोध्येला कोपऱ्यात टाकलंय, असंही कानावर आलं. तेव्हा गंगम्मा स्वतः बैलगाडी घेऊन वाशीला गेली आणि तिला घेऊन आली. पुढं दोघी त्या घरात म्हाताऱ्या झाल्या. जेवता जेवता एकदम गप्प होत, एकमेकींकडं बघत, आणि जिचे गुडघे त्या दिवशी कमी दुखत असतील ती उठून मागचं दार उघडायला जाई.