वयनीच्या खाजनातलं मीठ

वयनीवर लिहा, असं घरचे कितीदा म्हणाले. मी वर्षानुवर्षं टाळलं. तिच्या गमती सांगितल्या की खाजनाचंही सांगावं लागणार, हे मला माहीत होतं.

वयनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ लवकर गेला, पदरी एक मुलगी. वयनीला हळू बोलता येत नसे. नदीकाठच्या बांधावर उभी राहून ती पार देवळापाशी चाललेल्या माणसाला विचारी, "जेवलंस काय रे?" उत्तर मिळेपर्यंत सोडत नसे. लाजरी माणसं वाट बदलून जात.

तिच्या वाट्याचं खाजन, म्हणजे नदीकाठी बांध घालून राखलेलं शेत, माझ्या शेताला लागून होतं. नदी खारी, पण भरतीला बांधातल्या मानशीची, पाण्याच्या त्या मोरीची, लाकडी दारं मिटत, ओहोटीला उघडत आणि पावसाचं पाणी जमिनीतलं मीठ धुऊन नेई. त्यात तिचं कोरगुट भात डोलायचं. चतुर्थीला वाड्यावरच्या घरोघरी नव्याची कणसं जात ती तिच्याच शेतातली. ज्यांच्याशी भांडण, त्यांना एक जुडी जास्त. "खाऊंदेत आणि लाजूंदेत!"

मग एक कोळंबीवाला आला. त्याला तळ्यासाठी माझं शेत हवं होतं आणि भरतीला मानशीची दारं उघडी हवी होती. त्यावर खाजनातल्या शेतकऱ्यांची बैठक ठरली. बैठकीत विधवेच्या वाट्याचं मत दिरानं द्यायचं, ही आमच्याकडची रीत. आदल्या संध्याकाळी वयनीनं विचारलं, "भावजी, माज्या शेतात खारा पाणी येवचा नाय मा?"

"कसं येईल? मध्ये मेर आहे ना," मी म्हणालो. ती मेर, आमच्या दोन शेतांमधला मातीचा बांध, खेकड्यांनी पोखरली होती. मी रोज पाहत होतो.

बैठकीत मी दोन्ही हात वर केले. एक माझ्यासाठी, एक तिच्यासाठी.

पुढच्या पावसाळ्यात तिचं भात वीतभर वाढून करपलं. उन्हाळ्यात जमिनीवर पांढरी खपली धरली. कोळंबीवर रोग पडला, तो माणूस निघून गेला, मीठ राहिलं. भात करपलं त्या वर्षीच्या चतुर्थीला मी पेडण्याच्या बाजारातून कणसं आणली आणि एक जुडी तिला दिली. "बरी आसत," एवढंच म्हणाली.

कुणी माझं नाव घेतलं की मात्र ती उसळायची. "खेकड्यांनी केला सगळा! माज्या दिराक काय ठावक?" वाड्यावर आजही दोष खेकड्यांनाच देतात.

शेवटी ती मांद्र्याला मुलीकडे राहिली. जावयानं तिथे किनाऱ्यावर येणाऱ्या परदेशी पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या होत्या. उन्हात पडलेल्या पाहुण्यांकडे बघून ती म्हणे, "ह्येंका घरात ऊन गावत नाय?" अंथरुणाला खिळल्यावरही चेष्टा सुटली नाही.

एकदा मनाशी ठरवून गेलो. म्हणालो, "वयनी, त्या मेरेचं बोलायचं होतं."

"मेर खंयची आता, भावजी? पयली चाय घ्या."

मुलीनं चहा आणला. मी बशीत ओतून प्यालो, पावसापाण्याचं बोललो आणि बस चुकेल म्हणून उठलो. त्याच महिन्यात ती गेली.

वयनी, मेर पोखरलेली मला ठाऊक होती. मला माफ कर.

एवढंच म्हणायचं होतं.