दत्ताच्या पारावरचं भांडण

लोक देवाचे अनुभव सांगतात तेव्हा मला नेहमी वाटतं, ही माणसं किती सोशिक असतील. संकट आलं, हात जोडले, डोळे मिटले. मला ते कधी जमलेलं नाही. माझ्या अनुभवाची सुरुवात मी दत्तमहाराजांना तोंडाला येईल ते बोलले इथूनच होते, आणि ते गाळून पुढचं गोड गोड सांगायला मला आवडणार नाही. राग आला होता. खूप आला होता. आणि आजही मला तो चुकीचा वाटत नाही.

आम्ही तेव्हा विरारला मनवेलपाड्यात नवीन फ्लॅट घेऊन राहायला आलो होतो. मी, माझे मिस्टर आणि सासूबाई. मूलबाळ झालं नाही, आणि त्याबद्दल मला इथे काही लिहायचं नाही. बिल्डिंगचं काम अजून अर्धवटच होतं, खाली रेतीचा ढीग पडलेला असायचा. त्या ढिगात एक दिवस कुत्रीचं पिल्लू सापडलं, डोळे जेमतेम उघडलेलं. मी ते पदरात घालून वर आणलं. ह्यांनी तिचं नाव ठमी ठेवलं. पहिल्या वर्षभरात तिने दोन चपला, एक गादी आणि ह्यांचं रेशनकार्ड फाडलं, आणि मी तिच्यावर जेवढी ओरडले तेवढी जगात कोणावर ओरडले नसेन. तरी दार उघडल्याबरोबर जो जीव आनंदाने वेडा होतो, त्याच्यावर किती वेळ रागावून राहणार?

सासूबाई कुडाळच्या. दत्तभक्ती त्यांच्या माहेरापासूनची. ठमी घरात आली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "माका शिवता नये." म्हणजे मला शिवायचं नाही. ठमीलाही ते कसं कोण जाणे कळलं. आई देवासमोर बसल्या की ती उंबऱ्याच्या बाहेर पुढचे पाय जुळवून बसायची आणि आरती संपेपर्यंत हलायची नाही. हे मी आईंना कितीदा दाखवलं. त्या न पाहिल्यासारखं करायच्या.

दरवर्षी मार्गशीर्षात आमच्याकडे पोथीचं सात दिवसांचं पारायण होतं. वाचायचं ह्यांनी, नियम सांगायचे आईंनी आणि सोवळं सांभाळायचं मी, अशी आमची वाटणी. त्या वर्षी आईंनी आधीच बजावलं, पारायण होईपर्यंत कुत्रा घरात नको. ह्यांच्या ऑफिसातल्या एकाच्या भावाचा कामणला म्हशींचा तबेला होता, तिथे ठमीला ठेवायचं ठरलं. मी भांड्यांची आदळआपट केली. "दत्ताच्या पायाशी चार कुत्री बसलेली असतात, ती बरी चालतात," असं म्हणाले.

"ते वेद आसत. कुत्रे न्हय," आई शांतपणे म्हणाल्या, आणि विषय संपला. माझे मिस्टर अशा वेळी नेहमी बूट शोधत असतात. ठमी टेम्पोत चढताना माझ्याकडे वळून वळून बघत होती.

पारायण यथासांग झालं. ठमी परत आली, मी तिला गरम पाण्याने चोळून आंघोळ घातली, आणि तो तबेला माझ्यापुरता संपला. पुढे काही दिवसांनी तिने खाणं टाकलं. आधी मला वाटलं नखरे करतेय. मग अंग तापलं. ती पलंगाखाली जाऊन पडायची आणि हाक मारली तर फक्त शेपटीचं टोक हलवायची. दार उघडलं तरी उठत नव्हती.

आमच्या भागातल्या प्राण्यांच्या डॉक्टरने उष्णता म्हणून इंजेक्शन दिलं. एक दिवस बरी वाटली, पुन्हा तेच. दुसऱ्याने डोळे पाहून कावीळ सांगितली आणि लिव्हरचं औषध दिलं, ते तिने माझ्याच साडीवर ओकून टाकलं. दोघांनीही विचारलं होतं, गोचिड्या वगैरे झाल्या होत्या का? मला त्याचा असा संताप आला. आमच्या घरात दोनदा फिनेल फिरतं, कुत्रीला दर रविवारी आंघोळ, आणि हे मला गोचिड्या विचारतात. मी दोघांनाही ठणकावून सांगितलं, फ्लॅटमधली कुत्री आहे, कुठे जात नाही. खालच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात उभ्या राहून म्हणाल्या, पिसाळली असेल हो, सांभाळा. मी म्हटलं, कुत्री नाही पिसाळलेली, मी पिसाळलेय, तुम्हीच जरा सांभाळून राहा. त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, ते एक बरं झालं.

नेमकं काय झालंय हे कोणी सांगत नव्हतं आणि ठमी डोळ्यांदेखत वाळत चालली होती. त्या गुरुवारी मी दत्ताच्या तसबिरीला हार घातला नाही. आईंनी उठून स्वतः घातला. आमच्यात बोलणं जवळजवळ बंदच होतं.

शनिवारी सकाळी ठमीला लघवी झाली ती काळ्या चहासारखी. हे कामावर गेले होते. कोपऱ्यावरच्या पीसीओवरून मी वसईच्या एका नावाजलेल्या डॉक्टरांकडे फोन लावला, तो कोणी उचलला नाही. तरी मी रिक्षा बोलावली आणि ठमीला चादरीत गुंडाळून खाली उतरवलं. पाहते तर आई पायांत चपला घालून, हातात पाण्याची बाटली घेऊन रिक्षात बसलेल्या.

वसईला दवाखाना बंद. शेजारचा दुकानदार म्हणाला, डॉक्टर शनिवारी कामणच्या बाजूला एका फार्महाऊसवर जातात, तिकडे भेटतील. पुन्हा रिक्षा, पुन्हा हायवेची धूळ. कामणच्या रस्त्याला लागलो आणि ठमीला उलटी झाली. रिक्षावाल्याने गाडी बाजूला घेतली. "मॅडम, उतरा इथेच. सीट खराब झाली, आता पॅसेंजर कोण बसेल? मला परवडत नाय." मी हातापाया पडले नाही, भांडले. भांडून काय होणार? तो गेला निघून.

उतरवलं होतं कुठे, तर दत्ताच्या देवळासमोर. छोटंसं देऊळ, पुढे औदुंबर, त्याला पार, पलीकडे चहाची टपरी आणि पंक्चरवाला. मी ठमीला पारावर ठेवलं. तिचं अंग थरथरत होतं, जीभ पांढरी पडली होती. आणि समोर गाभाऱ्यात ती मूर्ती, हसतमुख, आणि पायाशी चार कुत्री, गुबगुबीत, रंगवलेली.

माझा तोल गेला. मी देवळाच्या पायरीपाशी उभी राहून मोठ्याने बोलले. म्हटलं, चार ठेवलीस ना स्वतःजवळ? त्यांना कधी ताप येत नाही. माझी एकच आहे. माझ्याकडे दुसरं काय आहे ते तरी सांग. तुझं सोवळं सांभाळून माझी बोटं सोलली, वर्षानुवर्षं तुला घेवड्याची भाजी खाऊ घातली, आणि तू एक दवाखाना उघडा ठेवू शकला नाहीस? साधा एक रिक्षावाला तुझ्याने वळवता आला नाही? यापुढे माझ्या हातून तुला दिवासुद्धा नाही. तुला बघायचं असेल तर ये आणि बघ हिच्याकडे, नाहीतर तुझं देवपण तुझ्यापाशी ठेव. मी रडत होते की ओरडत होते मला आठवत नाही, बहुतेक दोन्ही. मागून आई म्हणत होत्या, "गो, देवाक असा बोला नये," पण त्यांचाही आवाज नेहमीसारखा नव्हता.

"बाई, देवाला बोलून झालं असेल तर कुत्रीचं तोंड उघडा जरा."

टपरीच्या बाकावर एक माणूस बसला होता. काळासावळा, पोट सुटलेला, पँटीला शेणाचे डाग. मी त्याच्यावरही खेकसले, की तुम्ही कोण? तो म्हणाला, "गुरांचा डॉक्टर. सरकारी. तिकडे म्हैस अडलीय आणि मी इथे पंक्चर काढत बसलोय. मीसुद्धा मघापासून त्याच्याच नावाने खडे फोडतोय, फक्त मनात. तुम्ही निदान मोठ्याने तरी बोललात." असं म्हणून तो पारावर येऊन बसला.

त्याने ठमीचा ओठ वर केला. हिरड्या पांढऱ्याफटक. पोट दाबून पाहिलं. लघवीचा रंग विचारला. मग कान उलटून पाहिले, बोटांच्या बेचक्यांत पाहिलं आणि तोच प्रश्न विचारला, गोचिड्या झाल्या होत्या का, ही गेल्या महिन्यात बाहेर कुठे राहिली होती का? आणि मी तेच उत्तर दिलं, त्याच तोऱ्यात. आमच्या घरात असलं काही नसतं. फ्लॅटमधली कुत्री आहे. कुठे जात नाही.

"गेल्ली," आई म्हणाल्या.

मी वळून पाहिलं. ठमीचं डोकं आईंच्या मांडीवर होतं. लुगड्याच्या पदराने त्या तिचं तोंड पुसत होत्या. किती वेळ पुसत होत्या देव जाणे. "पारायणाक कामणाक धाडलेली. तबेल्यार. मीच धाडूक लावलंय." एवढं बोलून त्यांनी मान खाली घातली.

डॉक्टरने तबेल्यावर दुसरी कुत्री होती का ते विचारलं. असणारच, राखणीला असतातच. तो म्हणाला, "मग झालं. त्यांच्या गोचिड्या. तुम्ही आंघोळ घातलीत तोवर चावून झालं होतं." त्याने ठमीला स्वतः उचललं आणि आम्हाला चालत जवळच्याच सरकारी दवाखान्यात नेलं. कानाच्या टोकावरून रक्ताचा थेंब काचेवर घेतला, त्यावर रंग घातला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि मलाही बघायला लावलं. गुलाबी गोल गोल पेशी, आणि काहींच्या आत थेंबाच्या आकाराचे दोन-दोन ठिपके. "गोचीड ताप. हे रक्त खातायत तिचं. गुरांना देतो तेच औषध लागतं, माझ्या बॅगेत असतं. दुखेल तिला, धरून ठेवा. उद्या आणली असतीत तर मला दाखवायची गरज नव्हती. आणि पुढच्या वेळी डॉक्टरने काही विचारलं तर घराची इज्जत बाजूला ठेवून उत्तर द्या." आयुष्यात मला एवढं स्पष्ट कोणी बोललं नव्हतं, आणि मी उलटून एक अक्षर बोलले नाही. सुई टोचताना ठमी केकाटली. तिला धरून आई बसल्या होत्या.

पंक्चर निघालं, उशीर केला म्हणून पंक्चरवाल्यावर ओरडून तो म्हशीकडे गेला.

परत येताना दुसऱ्या रिक्षात मी विचार करत होते. आता तर माझ्या हातात पुरावाच होता. ज्याच्या पारायणासाठी ठमीला घराबाहेर काढलं, त्याच पारायणाने ती मरायला टेकली. मला आईंवर तुटून पडता आलं असतं. शब्द तयार होते, महिनाभर साठवलेले. पण त्या गप्प राहिल्या असत्या तर मला कधीच कळलं नसतं, आणि ठमी गेली असती. मी देवाला म्हटलं होतं, ये आणि बघ हिच्याकडे. माझ्या पाठीमागे, मी शिव्या घालत असताना, आई तिचं तोंड पुसत होत्या. मी रस्त्याकडे तोंड करून बसले. थोड्या वेळाने आई म्हणाल्या, "माका बोल काय तां. गप रवा नको." काय ते बोल, पण गप्प राहू नको, हे त्या मला सांगत होत्या. मला रडू फुटलं.

दोन दिवसांनी ठमीने वाटीभर दूध चाटलं. आठवड्याने दार उघडल्यावर ती उठून आली, लडखडत, आणि माझ्या पायावर डोकं घासलं. मी तिथेच जमिनीवर बसले. पुढे त्या गुरांच्या डॉक्टरांकडे पेढे घेऊन गेलो, तर ते म्हणाले, हे कुत्रीला दिलेत तर याद राखा, आणि दोन पेढे तोंडात टाकून निघून गेले. आई म्हणतात ते दत्तमहाराजच होते. मी तसं म्हणत नाही. दत्तमहाराज पंक्चरवाल्यावर तेवढे ओरडतील असं मला वाटत नाही. पण पंक्चर त्याच झाडाखाली का झालं आणि रिक्षावाल्याने आम्हाला तिथेच का उतरवलं, हे मी कोणाला विचारत बसत नाही. ज्या रिक्षावाल्याला मी इतके शिव्याशाप दिले, त्याचंही भलं होवो.

शरण जाणं म्हणजे काय, हे मला शिकवायला बरेच जण आले. मला कळलं ते इतकंच, की त्या दिवशी माझ्याजवळ रागाशिवाय दुसरं काही नव्हतं, तर मी तो नेऊन त्याच्या पायरीवर टाकला. त्याने तो घेतला. फुलं आणली असती तर फुलं घेतली असती. तेव्हापासून दिवा लावताना मी त्याच्याशी मोकळेपणाने बोलते. कधी भांडतेही.

पुढच्या मार्गशीर्षात पारायण आलं. कोणी काही ठरवलं नाही. ह्यांनी पोथी उघडली आणि ठमी सवयीने उंबऱ्याबाहेर पाय जुळवून बसली. आईंनी आपल्या आसनाशेजारी एक जुनं पोतं अंथरलं आणि तिला म्हणाल्या, "ये गो." समाप्तीच्या दिवशी त्यांनी नैवेद्याचं दुसरं पान वाढलं, वरण, भात, घेवड्याची भाजी, सगळं व्यवस्थित, आणि ठमीपुढे ठेवलं. ठमीने घेवडा हुंगला, नाक उडवलं आणि तोंड फिरवून बसली.

"आई," मी म्हटलं, "वेदांना घेवडा आवडत नाही वाटतं."

आईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मग पान उचललं, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि त्याच सोवळ्यात ठमीसाठी दूध गरम करायला गेल्या.