डावीकडचा चकवा

मागच्या हिवाळ्यात माझं जे हसं झालं, त्याला माझं मराठीच कारणीभूत. सायकलवरून पक्षी बघत हिंडायचा नाद मला निवृत्तीनंतर लागला. ओळखीतल्या सगळ्यांना ब्राह्मणी बदक दिसलं होतं, मला सोडून. म्हणून एका पहाटे एकटीच अवधपुरीतल्या घरून निघाले आणि करोंदच्या मंडीपाशी रस्ता अडवणाऱ्या ट्रॅक्टरांना मनातल्या मनात शिव्या घालत, चाळीस किलोमीटरवरच्या धरणाशी पोचले. तिथे हरभऱ्याला पाणी देणाऱ्या एका म्हाताऱ्याने माझ्या गळ्यातली दुर्बीण पाहिली आणि म्हणाला, "अम्मा, बाएँ वाली पगडंडी पे चकवा मिलेगा."

चकवा! आमच्या नागपूरकडे चकवा म्हणजे माणसाला रानात गोल गोल फिरवणारं भूत. माझा भुताखेतांवर विश्वास नाही, पण एकटं असताना उगाच परीक्षा कशाला बघा? मी उजवीकडे वळले. दोन तास त्याच त्या बाभळींना वळसे घातले, चाक पंक्चर झालं आणि शेवटी नवऱ्याला गाडी घेऊन बोलवावं लागलं. सायकल डिकीत कोंबताना तो म्हणाला, "आता बाल्कनीतून कबुतरं बघ." पुढे वर्षभर आल्यागेल्याला तो हेच सांगायचा आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

पावसाळ्यात एका हिंदी पुस्तकात ब्राह्मणी बदकाचं चित्र दिसलं. खाली नाव होतं: चकवा. तीस वर्षं इथल्या सरकारी ऑफिसात हिंदीत टिपणं लिहिली आणि हा एक शब्द माहीत नव्हता! कपाळावर हात मारून घेतला. मग मात्र हट्टालाच पेटले. आधी पंक्चर काढायला शिकले.

या जानेवारीत पुन्हा गेले आणि डावीकडच्या पायवाटेला लागले. धुकं विरलं तशी पाण्याच्या कडेला दालचिनीच्या रंगाची एक जोडी दिसली, अगदी निवांत. त्यातला एक ओरडला आणि पलीकडच्या काठावरून वीसेक चकवे पांढरे पंख उघडत एकदम उठले. मला रडू फुटलं. आनंदानेच, आणि थोडं स्वतःच्या वेडेपणापायीही.

परतताना वारा समोरून होता. गुडघे चांगलेच बोलायला लागले, दोनदा उतरून चालले, पण फोनला हात लावला नाही.

दुपारी नवऱ्याचाच फोन आला. "दमली असशील. कुठे येऊ घ्यायला?"

"खाली, आपल्याच गेटवर ये," मी म्हटलं.